आधी नवऱ्या मुलाला

सविताचा निम्मा जन्म दवाखान्याच्या बाकड्यांवर गेला होता. सासूचे गुडघे म्हणू नका, नवऱ्याचा मुतखडा म्हणू नका, जावेचं बाळंतपण म्हणू नका, घरात कुणाचं काही दुखलं की चप्पल सवितानंच पायात सरकवायची. "सविता जाईल की घेऊन," असं सगळे म्हणायचे आणि सविता खरंच जायची. तिसगावहून नगरची एसटी धरायची, केसपेपर काढायचा आणि भिंतीला डोकं टेकवून नंबर यायची वाट बघायची. "तुला गं काय होतंय?" हे विचारायला मात्र कुणाला कधी सवड झाली नाही. पुढं पुढं तर तिचं तिलाही ते सुचेनासं झालं.

म्हणूनच नगरला विहीणबाईंच्या भाच्याच्या, समर्थच्या क्लिनिकात पाय ठेवला तेव्हा तिला कुठंतरी चुकल्यासारखं झालं. इथं बाकडंच नव्हतं. गुबगुबीत सोफा होता, गारेगार एसी होता, भिंतीवर गोऱ्यापान बायांचे हसरे फोटो होते आणि सगळीकडं अत्तराचा वास भरला होता. आता दवाखाना म्हटला की दवाखान्याचा वास नको का? पण ती बोलली नाही. शेजारी विहीणबाई बसल्या होत्या, आणि लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

विहीणबाई म्हणजे भिंगारच्या पुष्पावती. त्यांचा ओम सुप्याच्या कंपनीत कामाला, शांत, हाताला कामाची सवय असलेला पोरगा. सविताची मोनिका बी.कॉम. झालेली. स्थळ चालून आलं, पसंती झाली, तिसगावात सुपारी फुटली. सगळं छान चाललं होतं. जेवणं आटोपली, पानसुपारी झाली आणि निघता निघता पुष्पावतींनी मोनिकाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं फिरवलं.

"पोरगी गुणाची हाय," त्या भरल्या मांडवात म्हणाल्या. "गालाचं तेवढं करून घेऊ. माझ्या भावाचा समर्थ हाय ना नगरला, स्किनचं मोठं सेंटर टाकलंय त्यानं. घरचंच काम हाय, पैशाचं नावबी काढू नका. हळदीच्या आत चेहरा असा चकाचक करून देईल!"

मांडवातली माणसं हसली. मोनिकाच्या गालांवर शाळेच्या वयातल्या पुटकुळ्यांचे डाग होते, चार-दोन खड्डेही होते. पोरीनं ते वर्षानुवर्षं ओढणीखाली झाकले होते; एसटीत, कॉलेजात, बाजारात, डोळे तेवढे उघडे ठेवून. आता ते सगळ्या गावासमोर उजेडात धरले गेले, आणि तिचा बाप म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, विहीणबाई."

सविताच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? पाहुणे गेल्यावर तिनं नवऱ्याला, बजरंगला गाठलं.

आता हा बजरंग कोण माणूस, तेही सांगायला हवं. घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेला तर एका म्हशीभोवती अर्धा दिवस फिरणारा हा गडी. दात बघायचा, कास चाचपायचा, चालवून बघायचा, समोर धार काढायला लावायचा. एवढं करून "बघू पुढच्या बाजारी" म्हणत मोकळ्या हातानं घरी यायचा. 

"म्हशीसाठी जेवढं इचारता तेवढं तरी पोरीसाठी इचारा," सविता म्हणाली. "कोण हाय तो समर्थ? काय शिकलाय? डॉक्टर हाय का नुसताच पांढरा कोट?"

"अगं, म्हैस परक्याची असती," बजरंग म्हणाला. "हे सोयरे हायेत. सोयऱ्याला असलं इचारायचं म्हंजे त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. सोयरा कधी सोयऱ्याचं वाईट करंल का?"

झालं! विषय संपला. आपल्याकडं असंच असतं. परक्याला दहा प्रश्न विचारतील, पण नात्यातला आला की आंधळ्यासारखे त्याच्या मागं जातील. वर त्यानं फुकट करून दिलं, की मग तोंड उघडायचीसुद्धा चोरी.

मोनिकाला विचारलं तर ती म्हणाली, "होऊन जाऊ दे आई. एकदाचं झालं म्हणजे कुणी बोलणार तरी नाही." तिच्या आवाजात उत्साह नव्हता आणि भीतीही नव्हती. एवढ्या लहान वयात पोरगी इतकी थकलेली होती. हा थकवा सविताच्या ओळखीचा होता.

तरी तिच्यानं राहवलं नाही. सासूच्या गोळ्या आणायला ती गावातल्या डॉक्टरांकडं गेली तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सविताताई, चेहऱ्याचं काम त्वचेच्या डॉक्टरकडंच करावं. बोर्डावर नावाखाली डिग्री असते, नोंदणीचा नंबर असतो. बाटलीत काय आहे, उलटलं तर काय करणार, हे सगळं विचारायचं. आणि एक लक्षात ठेवा, विचारलं म्हणून खरा डॉक्टर चिडत नाही."

ते शेवटचं वाक्य सविताच्या डोक्यात राहिलं.

तर आता ती त्या गुबगुबीत सोफ्यावर बसली होती. बाहेरच्या बोर्डावर तिनं येतानाच नजर टाकली होती. समर्थचं नाव भलं मोठं, फोटो त्याहून मोठा, नावाआधी 'डॉ.' होतं आणि नावाखाली काहीच नव्हतं. म्हणजे 'गोरेपणाची गॅरंटी' तेवढं होतं.

मोनिकाला आतल्या खुर्चीवर आडवं केलं होतं. मध्ये नुसता काचेचा दरवाजा, तोही उघडाच. समर्थ हातमोजे चढवत होता. तिशीचा, गोड बोलणारा, केस चापून बसवलेला.

"मावशी, काही टेन्शन घेऊ नका," तो आतूनच म्हणाला. "वरची खराब साल निघून जाणार, खालून फ्रेश स्किन येणार. आठ दिवसांत मोनिकाताईला ओळखणार नाही तुम्ही."

तेवढ्यात जिन्यावरून एक पोरगी वर आली. तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली. ती थेट काचेच्या दाराशी गेली आणि चाचरत म्हणाली, "सर, मी अश्विनी. मागच्या सोमवारी केलं होतं ना. लई आग होतीय हो. रात्री झोप नाही लागत."

"अपॉइंटमेंट घेतलीय का?"

"फोन उचलत नाही तुम्ही."

समर्थ वैतागून बाहेर आला. "दाखव."

पोरीनं ओढणी सोडली. सविता अगदी समोर बसलेली. पोरीच्या डाव्या गालावर तळहाताएवढा काळाठिक्कर चट्टा होता, कडेनं लाल, आणि मधून पाणी सुटत होतं. सविताचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. अगं आई गं!

"काही नाही, खपली आहे," समर्थ म्हणाला. "नॉर्मल असतं हे. कोरफड लाव, थंड राहील. उन्हात फिरली असशील तू."

"सर, मी रोपांच्या नर्सरीत कामाला आहे. उन्हातच असते मी. तुम्हाला सांगितलं होतं ना."

"मग मी काय करणार?" असं म्हणून तो आत गेला आणि त्यानं कपाटातून बाटली काढली. पुष्पावती मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. ती पोरगी कुठं जावं ते न कळून तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

सविता उठली. उठताना गुडघा कटकन वाजला. ती काचेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"त्या बाटलीत काय हाय, बाबा?"

"पील आहे मावशी. सोल्यूशन."

"कशाचं? बाटलीवर काई लिव्हलेलं दिसत न्हाई."

"इम्पोर्टेड असतं. आम्ही सुटं मागवतो."

"आन् त्या पोरीला झालं तसं हिला झालं तर काय करशील?"

"नाही होत हो!"

"तिला झालंय की. तू शिकलायस काय, ते तरी सांग. त्वचेचा डॉक्टर हायेस का?"

समर्थच्या चेहऱ्यावरचा गोडवा एकदम उतरला. त्यानं सविताकडं बघितलंच नाही, तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. "आत्या," तो म्हणाला, "तू म्हणाली म्हणून मी सगळं सोडून फुकट करतोय. आणि इथं माझी परीक्षा चाललीय. पुण्याला कोर्स केलाय मी. शेकड्यानं केसेस केल्यात."

चिडला! सविताला गावातल्या डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

"विहीणबाई," पुष्पावती सोफ्यावरूनच कडाडल्या, "माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा हाय तो. तुमी त्याला कागद मागता? मग आमालाबी मागा की. आमच्या पोराचा पगार खरा का खोटा, तेबी इचारून घ्या! सोयरिक करायची हाय का न्हाई तुमाला?"

आलं ते शेवटी तोंडावर. सविताला ठाऊक होतं ते येणार. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडववाल्याला सांगून झालं होतं. मोनिका खुर्चीवर पडल्या पडल्या छताकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळत होतं. "आई, राहू दे," ती हळूच म्हणाली. "करू दे त्यांना."

सवितानं बजरंगला फोन लावला. "वाद घालू नको," तो म्हणाला, "सोयरं दुखवू नको," आणि फोन ठेवून दिला. 

काय करावं माणसानं? सविताला वाटलं, इथंच खाली बसावं. वर्षानुवर्षं सगळ्यांना दवाखान्यात नेलं, औषधं वेळेवर दिली, टाके ओले होऊ दिले नाहीत. आणि आता आपल्याच हातानं धडधाकट पोरगी भाजून घ्यायला आणून बसवली. नाही म्हणावं तर लग्न मोडतं, हो म्हणावं तर हा गाल. तिच्यात भांडायचं बळच उरलं नव्हतं.

तेवढ्यात ओम वर आला. आईला सोडून तो खाली गाडीपाशी थांबला होता. आता उन्हानं तापून, हातात उसाच्या रसाचे ग्लास घेऊन दारात उभा राहिला. "काय झालं?" त्यानं विचारलं. सवितानं त्याच्याकडं बघितलं. उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि तिला पहिल्यांदाच नीट दिसलं की पोराच्या दोन्ही गालांवर खड्डे आहेत. मोनिकापेक्षा जास्तच. सुपारीला त्याची हनुवटी कुणी धरली नव्हती.

"विहीणबाई," सविता म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, तेवढी ताकदच नव्हती. "तुमचं खरं हाय. सोयऱ्याला कागद मागू नये. न्हाई मागत मी. पण रीत तर पाळाल का न्हाई?"

"कसली रीत?"

"हळद आधी नवऱ्या मुलाला लागती. त्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीच्या घरी येती, मग ती नवरीला लावायची. तुमच्याकडंबी हेच हाय, आमच्याकडंबी हेच हाय. मग हे बाटलीतलं तेवढं उलटं कशाला? आधी ओमरावांच्या गालाला लावा. त्यांच्याबी गालावर हायेतच की डाग. उरलेलं आमच्या पोरीला लावा. मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

ओमनं ग्लास टेबलावर ठेवले. हा पोरगा सरळ. "मला चालतंय की," तो म्हणाला आणि शर्टाची कॉलर मागं सारत खुर्चीकडं निघाला.

"ए!" पुष्पावती सोफ्यावरून ताडकन उठल्या. त्यांनी धावत जाऊन पोराचा दंड धरला. "ए, तोंडाला न्हाई हं लावायचं त्याच्या! खुळा झालास का? लग्न तोंडावर आलंय, काय भलतंसलतं झालं म्हंजे?"

आणि मग त्या थांबल्या. समर्थच्या हातात बाटली तशीच होती, आणि तोही काही म्हणत नव्हता की घाबरू नको आत्या, काही होत नाही.

"हेच," सविता म्हणाली, "हेच मी मघापासून इचारतीय."

मोनिका खुर्चीवरून उतरली. तिनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुष्पावतींचं तोंड लालबुंद झालं होतं. त्या पदर खोचून जिना उतरून गेल्या. ओम मागं वळून मोनिकाकडं बघत बघत आईच्या मागं गेला. रसाचे ग्लास तसेच राहिले.

सविताही निघाली. दारापाशी ती अश्विनी अजून उभीच होती, ओढणी हातात घेऊन. "चल गं, तू पण," सविता तिला म्हणाली. आणखी एक. खऱ्या दवाखान्यात जातेच आहे तर हिलाही घेऊन जाऊ.

गावातल्या डॉक्टरांनी नाव दिलेल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई दोन चौक पलीकडं बसत. तिथं बाकडं होतं. भिंतीचा रंग उडालेला, पंखा कुरकुरणारा, आणि दाराशी पाटीवर नाव, नावाखाली डिग्री, डिग्रीखाली नंबर. स्पिरिटचा वास आला आणि सवितानं भिंतीला डोकं टेकवलं.

बाईंनी अश्विनीला आधी आत घेतलं. भाजलेलं धुतलं, मलम लावलं, गोळ्या लिहिल्या. "जखम भरेल," त्या म्हणाल्या, "पण डाग राहू शकतो. खोटं नाही सांगणार. आणि त्याची तक्रार कर, घाबरू नको." पोरगी मुकाट्यानं रडत होती. मोनिका तिचा हात धरून बसली होती आणि तिच्या गालाकडं एकटक बघत होती.

मग मोनिकाचा नंबर लागला. बाईंनी भिंगातून गाल बघितले, काय काय लावलं होतं आजवर ते विचारलं. सवितानं विचारलं, "लग्नापर्यंत होईल का काई?"

"नाही," बाई म्हणाल्या. "लग्नापर्यंत काहीही होणार नाही आणि काही करूही नका. लग्न झालं की निवांत या. सहा-आठ महिने लागतील. बरंच कमी होईल, पूर्ण जाणार नाही."

एवढं सरळ 'नाही' सवितानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं.

परतीच्या एसटीत मोनिका खिडकीशी बसली. "मोडलं का गं लग्न?" तिनं विचारलं.

"ठावं न्हाई."

"मोडलं तर मोडू दे," मोनिका म्हणाली, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. कारण ओम तिला आवडला होता. सवितालाही आवडला होता, तोच तर घोर होता.

घरी बजरंगनं आकाशपाताळ एक केलं. "सोयऱ्यांच्या दारात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," म्हणाला. सविता ऐकत भाकऱ्या थापत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं भिंगारला फोन लावला, कुणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग तो नुसता गोठ्यात जाऊन बसू लागला. मांडव घालायचा की नाही, हे विचारायला आलेला माणूस तसाच परत गेला.

शेवटी ओमचा मोनिकाला फोन आला. "आई कुणाशी बोलत नाहीये," तो म्हणाला. "समर्थदादाशी पण नाही. पण आज सकाळपासून जात्यावर हळद दळतीय."

दारात मांडव उभा राहिला.

हळदीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. भिंगारहून उष्टी हळद घेऊन करवल्या येणार, तशी रीत. जीप थांबली तर करवल्यांच्या पुढं स्वतः पुष्पावती उतरल्या, हातात वाटी, वर केळीचं पान. बजरंग पुढं धावला, हात जोडले. त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या सरळ पाटावर बसलेल्या मोनिकापाशी गेल्या, बोटं वाटीत बुडवली, आणि तिच्या गालापर्यंत नेलेला हात मध्येच थांबवून सविताकडं वळल्या.

"लावू का?" त्यांनी घुश्शातच विचारलं. "घरच्या हळकुंडांची हाय, माझ्या हातानं दळलीय. सर्टिफिकेट न्हाई माझ्याकडं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आधी ओमला लावलीय. दोनी गालांला."

मोनिकानं ओढणी मागं टाकली आणि तोंड वर केलं, भर उजेडात.

"लावा, विहीणबाई," सविता म्हणाली, आणि मांडवाच्या मेढीला डोकं टेकवून खाली बसली.